व्हेट व्हॉलंटियर परदेशात जाऊन नक्की करतात काय, आणि कॅम्प उठल्यावर पुढे काय

एखाद्या गरीब देशातलं गाव, शाळेच्या पडवीत टेबल मांडलंय, टेबलावर भूल दिलेलं कुत्रं, हिरवे गाऊन घातलेली दोन-तीन तरुण मंडळी वाकून काहीतरी करतायत आणि भोवती पोरांचा गराडा. परदेशातून आलेल्या व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या, फुकट कॅम्पचे असे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. ते बघून लोकांचं दोनपैकी एक मत होतं, एक तर "केवढं थोर काम" नाहीतर "तिथे माणसांना डॉक्टर मिळेना आणि हे निघाले कुत्र्यांना वाचवायला". दोन्ही मतं फोटोवरून बनलेली आहेत म्हणून दोन्ही अर्धवट. या कामातला खरा महत्त्वाचा भाग फोटोत येतच नाही, तो कॅम्पच्या आधी आणि कॅम्पच्या नंतर घडतो, आणि तो घडला की नाही यावरच ठरतं की त्या आठवड्याचा काही उपयोग झाला की नुसतीच धावपळ.

आता मुळात तिथे जनावरांचे डॉक्टर का नसतात? लोकांना वाटतं गरीब देश आहे, नसणारच. पण आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत एकेकाळी सरकारी पशुवैद्यकीय सेवा बऱ्यापैकी होती. १९८० आणि ९०च्या दशकात या देशांना कर्ज देताना जागतिक बँक आणि नाणेनिधीने सरकारी खर्च कमी करायच्या अटी घातल्या, त्यात ही सेवा आकसली. हिशोब असा होता की सरकार बाजूला झालं की प्रायव्हेट डॉक्टर ती जागा भरून काढतील. ते आले पण कुठे, तर शहरात, जिथे फी देणारी गिऱ्हाईकं आहेत. दहा शेळ्या घेऊन कोरड्या माळरानात फिरणाऱ्या माणसापर्यंत पेट्रोल जाळून कोण जाणार, आणि गेला तरी त्याची फी त्या शेळीच्या किमतीपेक्षा जास्त व्हायची. म्हणजे डॉक्टर शिकून तयार झाले तरी गावात पोचतीलच असं नाही, आणि ही गोष्ट बाहेरून येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही.

आणि "माणसं सोडून जनावरं कशाला" या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. या घरांत जनावर म्हणजे बँकेतली ठेव असते. शाळेची फी आली, कुणी आजारी पडलं, की शेळी विकायची. गाढव मेलं तर पाणी आणि सरपण कोण वाहणार, तर घरातली बाई नाहीतर मुलगी, डोक्यावरून. त्यामुळे जनावराचा दवाखाना हा फिरून माणसांचाच दवाखाना असतो, फक्त बोर्डवर तसं लिहिलेलं नसतं.

हे काम काही आजकालचं नाही बरं का. १९२३ साली केट होसाली आणि त्यांची मुलगी नीना या दोघींनी उत्तर आफ्रिकेतल्या ओझ्याच्या जनावरांचे हाल बघून 'स्पाना' नावाची संस्था काढली. त्याच्याही पुढची गोष्ट डोरोथी ब्रुक यांची. या बाई १९३० मध्ये कैरोला गेल्या तेव्हा त्यांना तिथे रस्त्यावर हाडांचे सापळे झालेले घोडे दिसले, जे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेबरोबर लढले होते आणि युद्ध संपल्यावर तिथेच विकून टाकलेले. बाईंनी १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, त्यातून सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना शांतपणे मरण देण्यापलीकडे काही करता आलं नाही. मग १९३४ मध्ये कैरोत कायमचं घोड्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं, फुकट उपचाराचं. मला यातला महत्त्वाचा भाग हा वाटतो की बाई घोडे विकत घेऊन थांबल्या नाहीत, कारण नुसते विकत घेत बसलं असतं तर टांगेवाल्याने त्याच पैशात दुसरा घोडा आणून त्याचेही तेच हाल केले असते. टांगेवाल्याला बाजूला ठेवून घोडा सुधारता येत नाही हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

आता येऊ कुत्र्यांकडे, कारण सगळ्यात जास्त व्हॉलंटियर तिथेच जातात. आणि त्यातही रेबीज. जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं रेबीजने मरतात, म्हणजे साधारण दर नऊ मिनिटाला एक, आणि त्यातल्या जवळपास ९९ टक्के लोकांना तो कुत्र्याकडून आलेला असतो. संशयित जनावराने चावलेल्यांत ४० टक्के १५ वर्षांखालची पोरं. हा रोग एकदा लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास हमखास जातो, पण त्याआधी लस मिळाली तर हमखास वाचतो, इतका काळा-पांढरा रोग दुसरा क्वचितच असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या जोडीच्या संस्थांनी २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे माणसांचे मृत्यू शून्यावर आणायचं ठरवलंय.

यावर पहिला उपाय लोकांना सुचतो तो कुत्री मारण्याचा. इंडोनेशियातल्या बाली बेटाचं उदाहरण बघा. तिथे २००८ पर्यंत रेबीज नव्हताच. तो शिरला तेव्हा घाबरून विष घालून, बाण मारून हजारो कुत्री मारली, आणि रोग बेटभर पसरत राहिला. कारण काय होतं की मारायला टीम आली की लोक आपलं कुत्रं उचलून दुसऱ्या गावात नातेवाइकाकडे नेऊन ठेवतात, त्याच्याबरोबर रोगही जातो, आणि मेलेल्या कुत्र्यांच्या जागी लोक नवीन पिल्लं आणतात जी कुठलीच लस घेतलेली नसतात. वर मारताना ज्यांना लस दिलेली होती तीही मेली, म्हणजे स्वतःच बांधलेली भिंत स्वतःच पाडली. २०१० पासून सगळ्या बेटावर लसीकरण सुरू झालं तेव्हा कुठे माणसांचे मृत्यू झपाट्याने खाली आले. तिथे रेबीज अजून पूर्ण गेलेला नाही, लसीकरणात ढिलाई आली की डोकं वर काढतोच.

लस किती कुत्र्यांना द्यायची तर साधारण ७० टक्के. शंभर टक्के लागत नाही कारण रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला त्याला लस न घेतलेलं कुत्रं भेटावं लागतं, आणि दहातली सात कुत्री जर सुरक्षित असतील तर पिसाळलेलं कुत्रं मरायच्या आत त्याला तसं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, साखळी तुटते. पण इथे एक गोम आहे. गरीब वस्तीतलं कुत्रं फार जगत नाही, जुनी मरतात, नवीन पिल्लं जन्मतात, त्यामुळे आज ७० टक्के असलेला आकडा वर्षभरात आपोआप घसरतो. कुणी लस काढून घेतलेली नसते, फक्त कुत्री बदललेली असतात. म्हणून एकदाच येऊन जोरात मोहीम करून गेलेली टीम, पुढच्या वर्षी परत आली नाही की, पालथ्या घड्यावर पाणी. ७० टक्के एकदा गाठणं सोपं, ते चार-पाच वर्षं टिकवणं अवघड, आणि देणगीदारांना पहिल्या वर्षाचा उत्साह असतो, चौथ्या वर्षाचा कंटाळा.

हे नीट कसं करायचं ते बघायचं असेल तर आफ्रिकेतल्या मलावी देशातलं ब्लँटायर शहर. ब्रिटिश व्हेट ल्यूक गॅम्बल यांनी २०१३ मध्ये 'मिशन रेबीज' सुरू केलं, आणि ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रेबीजने पोरं दगावत होती म्हणून २०१५ मध्ये तिथे मोहीम घेतली. २० दिवसांत सुमारे ३५,००० कुत्र्यांना लस. ऐकायला जादू वाटते, पण पद्धत अगदी साधी होती. आधी शाळा वगैरे ठिकाणी केंद्रं लावायची, लोक कुत्री घेऊन येतात, बहुतेक पोरंच दोरी बांधून ओढत आणतात. मग उरलेली पकडायला घरोघर जायचं. लस दिलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करायची, आणि मग गल्लोगल्ली फिरून खूण असलेली किती नसलेली किती हे मोजायचं. सगळं मोबाइल ॲपवर लोकेशनसकट, त्यामुळे संध्याकाळी नकाशावर दिसतं की अमुक वॉर्डात आकडा कमी पडतोय, उद्या टीम परत तिथेच. मोजणी हा यातला जीव आहे. "आम्ही इतक्या हजार कुत्र्यांना लस दिली" हे वाक्य कितीही मोठं असू दे, एकूण कुत्री किती होती ते माहीत नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

अजून एक गैरसमज जाता जाता मोडून टाकू, रस्त्यावर मोकळं फिरतंय म्हणजे भटकं. आफ्रिकेच्या बऱ्याच भागात रस्त्यावर दिसणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना मालक असतो, फक्त साखळी नसते. त्यामुळे काम पकडण्याचं कमी आणि मालकाला पटवून केंद्रावर आणण्याचं जास्त असतं, आणि पटवायचं तर तिथली भाषा येणारा माणूस पाहिजे, परदेशी व्हॉलंटियर तिथे फारसा कामाचा नाही.

लस थंड ठेवायची ही तर वेगळीच डोकेदुखी. वीज नाही, फ्रीज नाही, बर्फ वितळतोय आणि गाडी चिखलात रुतलीये. पण टांझानियात संशोधकांनी तपासलं की कुत्र्यांची एक नेहमीची रेबीज लस २५ अंश तापमानात सहा महिने किंवा ३० अंशात तीन महिने ठेवली तरी फ्रीजमधल्या लसीइतकीच काम करते. मग त्यांनी मातीच्या भांड्यात भांडं ठेवून मध्ये ओलावा राखायचा असा बिनविजेचा कूलर बनवला आणि लस गावातच ठेवायला सुरुवात केली. याचा फायदा साठवणीपुरता नाही, लस गावात राहते म्हणजे ती देणारा माणूसही गावातलाच, आणि वर्षातून एकदा टीमची वाट बघायची गरज उरत नाही. ब्लँटायरच्या २० दिवसांपेक्षा मला हे मडकं जास्त भारी वाटतं, खरं सांगायचं तर.

कुत्र्यांच्या लसीचा संबंध सिंहांशीही येतो हेही ऐकून ठेवा. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात डिस्टेंपरची साथ आली आणि तिथल्या साधारण तीन हजार सिंहांपैकी एक तृतीयांश मेले. हा कुत्र्यांत नेहमी दिसणारा रोग, म्हणून मग जंगलाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लसी टोचायचा कार्यक्रम सुरू झाला.

आता नसबंदीचे कॅम्प, फोटोतलं टेबल ते हेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ऑपरेशन हे अवघड काम, पण सरावलेल्या सर्जनला कुत्रीची नसबंदी म्हणजे रोजचं काम असतं. अवघड आहे ते सगळं टेबलाच्या बाजूला. चांगल्या दवाखान्यात भूल गॅसने देतात, कमी-जास्त करता येते. इथे गॅसचं मशीन नाही, त्यामुळे केटामाइन, झायलाझिन, डायझेपाम असली इंजेक्शनं, एकदा दिली की परत काढता येत नाहीत, आणि वजनकाटा नसेल तर वजनही अंदाजाने. मॉनिटर नाही म्हणून एक व्हॉलंटियर पूर्ण वेळ फक्त कुत्र्याचा श्वास आणि हिरड्यांचा रंग बघत बसतो. वर कुत्र्याला गोचिडांमुळे होणारा ताप असेल तर रक्तातल्या प्लेटलेट कमी असतात, बाहेरून दिसत नाही, आणि पोट उघडल्यावर रक्त थांबत नाही.

ऑपरेशन झालं की कुत्रं जमिनीवर ताडपत्रीवर. इथे जरा थांबून बघा, कारण बरीचशी कुत्री दगावतात ती टेबलावर नाही, इथे. जीभ बाहेर ओढून ठेवलेली, मान सरळ, कुशीवर. गरम देश असला तरी भूल उतरेपर्यंत अंगातली उष्णता भराभर जाते, ३८ वरून ३५ अंशांवर यायला वेळ लागत नाही, मग प्लास्टिकच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, कापडात गुंडाळून पोटाशी लावायच्या, दर थोड्या वेळाने थर्मामीटर लावायचा, कागदावर लिहायचं. पापणीला बोट लावलं की मिटते का, गिळतंय का, डोकं उचलतंय का. चालायला लागल्याशिवाय मालकाच्या हातात द्यायचं नाही, कारण अर्धवट शुद्धीतलं कुत्रं घरी जाताना ओहोळात पडून मरतं. हे काम कुठल्याही समजूतदार माणसाला शिकवता येतं आणि डॉक्टर नसलेले व्हॉलंटियर बहुतेक इथेच लागतात. ग्लॅमर शून्य, पण कॅम्पची अब्रू इथेच राहते किंवा जाते.

टाके कातडीच्या आतून आणि विरघळणारे घालतात. कारण आठ-दहा दिवसांनी टाके काढायला तिथे कोणी नसणार. कान थोडा कापून किंवा त्यावर हिरवं गोंदून खूण करतात, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच कुत्रीचं पोट पुन्हा उघडलं जात नाही. म्हणजे चांगल्या कॅम्पमध्ये प्रत्येक निर्णय "आपण इथे नसू" हे धरून घेतलेला असतो. उलटं उदाहरण द्यायचं तर एक संसर्गजन्य गाठ असते, टीव्हीटी म्हणतात, गरम देशांतल्या मोकळ्या कुत्र्यांत खूप, समागमातून कॅन्सरच्या पेशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दिसायला भयंकर पण औषधाने छान बरी होते, फक्त विनक्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्याला एक असं चार ते सहा आठवडे द्यावं लागतं. आठवड्याभराच्या कॅम्पने पहिलं इंजेक्शन देऊन निघून जायचं आणि पुढची देणारं कोणी नाही, याला उपचार म्हणत नाहीत. तिथे एकच स्थानिक नर्स किंवा कंपाउंडर शिकलेला असेल तर कुत्रं बरं होतं, नाहीतर नाही, इतकं सरळ आहे.

नसबंदीचंही गणित रेबीजसारखंच आहे. मोठ्या शहरात शंभर कुत्र्यांची नसबंदी केली तर त्या शंभरजणींचं भलं होतं, गावातल्या कुत्र्यांच्या संख्येवर काही फरक पडत नाही, बाकीच्यांची पिल्लं ती जागा भरून काढतात. छोट्या बेटावर तेच शंभर फार मोठा आकडा असतो. म्हणून पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्ससारख्या ठिकाणी, जिथे वर्षानुवर्षं परदेशातून पाळीपाळीने येणाऱ्या व्हॉलंटियर व्हेटवरच दवाखाना चालला, तिथे या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसला.

गाढवं-घोड्यांचा मामला आणखी वेगळा. जगात ओझं वाहणारे घोडे, गाढवं, खेचरं दहा कोटींहून जास्त आहेत. त्यांच्या पाठीवर, खांद्यावर, शेपटीखाली जखमा असतात, व्हॉलंटियर येतो, जखम धुतो, मलम लावतो, फोटो काढतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच खोगीर, तीच नायलॉनची दोरी, त्याच जागी घासते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जखम ही खोगिराची आहे, गाढवाची नाही, म्हणून शहाण्या संस्था डॉक्टरच्या आधी खोगीर शिवणारा, नाल ठोकणारा आणि गाड्या बनवणारा सुतार यांच्यावर पैसा खर्च करतात. जुनं ब्लँकेट, कापूस, रुंद पट्टा एवढ्यात बऱ्याच जखमा बंद होतात. मालकाला दम देऊन उपयोग नसतो, तो दिवसाच्या कमाईवर जगतो, "चार दिवस विश्रांती द्या" हे त्याला सांगणं म्हणजे चार दिवस चूल बंद ठेवा सांगण्यासारखं आहे. आणि गाढवांवर आता वेगळंच संकट, चीनमध्ये त्यांच्या कातडीपासून इजियाओ नावाचं औषधी जिलेटिन बनवतात, त्यासाठी आफ्रिकेतून गाढवं इतकी मारली जायला लागली की फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन युनियनने कातड्यासाठी गाढव मारण्यावर बंदी घातली. ती कुठल्या कॅम्पमुळे आली नाही, पण इतकी वर्षं गावात काम करणाऱ्या संस्थांनी गाढव गेल्यावर घराचं काय होतं याचे पुरावे गोळा केले होते ते तिथे कामी आले.

शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या, यांचे फोटो कोणी काढत नाही पण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान नावाच्या व्हेटच्या नावावरून 'फामाचा' कार्ड निघालं. शेळीच्या पोटात एक रक्त पिणारा जंत असतो, तो वाढला की शेळीला रक्तक्षय होतो. कार्डावर लाल ते पांढरट असे पाच रंग छापलेले. शेळी धरायची, अंगठ्याने खालची पापणी ओढायची, आतला रंग कार्डाशी जुळवायचा. लालबुंद असेल तर औषध द्यायचं नाही, फिकट असेल तर द्यायचं. संपलं. लिहिता-वाचता न येणारी बाई दहा मिनिटांत शिकते. आणि "द्यायचं नाही" हा यातला अर्धा फायदा आहे, कारण सरसकट सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजलं की त्याला दाद न देणारे जंतच मागे उरतात, आणि दुर्दैवाने आठवडाभराचे कॅम्प नेमकं हेच करतात, रांग लावून सगळ्यांना पाजून मोकळे, आकडा मोठा दिसतो.

कोंबड्यांना मानमोडी लागली की अख्खा खुराडा रिकामा होतो. तिच्यावर उष्णतेला टिकणारी आय-टू नावाची लस ऑस्ट्रेलियात तयार झाली, डोळ्यात एक थेंब टाकायची, दर तीन-चार महिन्यांनी. मोझांबिक, टांझानिया, मलावी इथे गावातलीच माणसं, त्यात बायका बऱ्याच, ही लस थोडे पैसे घेऊन देतात. थोडे पैसे घेऊन, हे मुद्दाम लिहिलं, पुढे येतोच त्यावर.

या सगळ्याचा बाप म्हणजे बुळकांडीची गोष्ट. गुरांचा हा रोग १८८०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत शिरला, ठिकठिकाणी ८०-९० टक्के गुरं मेली, इथिओपियात त्यानंतर जो दुष्काळ पडला त्यात जवळपास एक तृतीयांश लोक गेले असं म्हणतात. पुढे चांगली लस आली, मोठमोठ्या मोहिमा झाल्या, पण रोग काही भागात चिवटपणे टिकून राहिला, इथिओपियाचा अफार भाग, दक्षिण सुदान, म्हणजे जिथे रस्ता नाही, युद्ध चालू, आणि लोक गुरांमागे फिरते. डॉक्टर तिथे जाऊच शकत नव्हते. अमेरिकन व्हेट जेफ्री मरिनर यांनी अशी लस बनवली जी महिनाभर फ्रीजशिवाय टिकायची. पण लस खांद्याला लावून चालत जाणार कोण? तर तिथलेच गुराखी. त्यांना थोडक्यात ट्रेनिंग दिलं, सुई कशी धरायची, लस कशी कालवायची, कुठली गुरं झाली याची खूण कशी करायची. पदवीवाल्या डॉक्टरांच्या संघटनांनी नाकं मुरडली, अडाणी माणसाच्या हातात सुई देताय म्हणून. पण त्या गुराख्यांना कळप कुठे आहे, पाणवठा कधी बदलतो, कुठला रोग बुळकांडी आणि कुठला दुसरा हे आधीच माहीत होतं, आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. २००१ मध्ये केनियात मेरू नॅशनल पार्कमधल्या रानरेड्यांत शेवटचा बुळकांडी सापडला, आणि २०११ मध्ये रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग. आता शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर नावाच्या साथीच्या रोगावर हाच प्रयोग चालू आहे, त्याचंही टार्गेट २०३०.

तर परदेशी डॉक्टर यात होता, लस त्याची, ट्रेनिंग त्याचं, पण सुई त्याच्या हातात नव्हती. माझ्या मते व्हॉलंटियर कामाचं मोजमाप याच फूटपट्टीने करावं.

आता यात काय काय बिघडतं ते. पहिलं फुकटचं दुखणं. समजा एका तालुक्याच्या गावात एकच तरुण व्हेट कसाबसा धंदा बसवतोय, नसबंदीचे, लसीचे पैसे घेऊन. बाहेरून टीम येते, आठवडाभर सगळं फुकट. पुढचे सहा महिने त्याच्याकडे कोणी येत नाही, कशाला यायचं, परदेशी लोक परत येतीलच की. तो कंटाळून शहरात जातो नाहीतर औषध कंपनीत नोकरी धरतो, आणि गावात आता वर्षाचे ५१ आठवडे कोणीच नाही. म्हणजे मदत करायला गेलो आणि होता तो डॉक्टर घालवून आलो. चांगल्या संस्था याच व्हेटला टीममध्ये घेतात, पगार देतात, सामान त्याच्याकडे ठेवून येतात, आणि फुकट काय ते खरंच परवडत नाही त्यांनाच.

दुसरं, शिकाऊ हात. स्वतःच्या देशात ज्या विद्यार्थ्याला जिवंत जनावरावर एकट्याने चाकू धरता येत नाही तो गरीब देशात जाऊन धरतो, "तेवढीच प्रॅक्टिस होते" म्हणून, आणि त्यासाठी कंपनीला पैसेही भरतो. नियमाने बघितलं तर बहुतेक देशांत परदेशी व्हेटलासुद्धा तिथल्या पशुवैद्यक परिषदेकडून तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं, विद्यार्थ्याची तर बातच सोडा. अनुभवी सर्जन शेजारी उभा असेल तर विद्यार्थ्याने शिकण्यात काही गैर नाही, गैर आहे ते "इथे चालतं" ही वृत्ती.

तिसरं औषधं. बॅगेत एक्स्पायरी जवळ आलेली औषधं भरून आणायची, लेबल तिथल्या कुणाला वाचता न येणाऱ्या भाषेत, आणि उरलेली मागे ठेवून यायची. केटामाइनसारख्या औषधावर तर बऱ्याच देशांत कडक निर्बंध आहेत, विमानतळावर बॅग उघडली की कॅम्प तिथेच संपतो. दुभत्या जनावराला अँटिबायोटिक दिलं की ठरावीक दिवस दूध वापरायचं नाही, हे सांगायला हवं, पण ज्या घरात तेवढंच दूध आहे तिथे ते पाळलं जाईल का याचाही विचार हवा. आणि डायक्लोफिनॅकचा धडा तर सगळ्यांनी पाठ करावा असा. गुरांना दिलेलं हे साधं वेदनाशामक, मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या पोटात गेलं आणि दक्षिण आशियातली गिधाडं जवळपास संपली, तेव्हा नेपाळसकट इथल्या तीन देशांना २००६ मध्ये त्यावर बंदी आणावी लागली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर गिधाडांना चालतं. कुठल्या देशात कुठलं औषध नेतोय हे बघितल्याशिवाय दानधर्म करू नये.

चौथं, मरण देण्याचा प्रश्न. मोडलेल्या कण्याचं कुत्रं बघून परदेशी व्हेटला वाटतं झोपवून टाकावं, पण बऱ्याच बौद्ध समाजांत ते पाप, मालक नाही म्हणतो, तर कधी त्याचं नेहमीचं औषध त्या देशात मिळतच नाही. यावर सोपं उत्तर नाही, फक्त निघायच्या आधी टीमने बसून ठरवलेलं असावं, मालकासमोर टेबलाशी उभं राहून वाद घालत बसू नये.

तुम्हाला जायचं असेल तर आधी स्वतःची रेबीजची लस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनेप्रमाणे दोन डोस, पहिला आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा. ती घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि परत दोन डोस घ्यायचेच, फक्त महागडं आणि कुठे मिळत नाही ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही, आणि दूर गावात हाच फरक जीवावरचा असतो.

मग संस्थेला ईमेल करून विचारा. त्या गावात तुम्ही किती वर्षं जाताय, तिथला व्हेट कोण आणि त्याला पगार कोण देतं, गेल्या वर्षी ऑपरेशननंतर किती जनावरं दगावली, आम्ही निघाल्यावर टाका उसवला तर मालकाने कुणाला फोन करायचा. दगावलेल्यांचा आकडा शून्य सांगितला तर मला शंका येईल, कारण इतकी ऑपरेशनं केल्यावर शून्य म्हणजे बहुतेक नोंदच ठेवलेली नाही. शेवटच्या प्रश्नाला स्थानिक नंबर मिळाला तर तिकीट काढायला हरकत नाही. नाही मिळाला तर तिकिटाचे पैसे अशा संस्थेला द्या जी गावातल्या लसटोचकाला सायकल आणि लसीचा डबा घेऊन देते.